विकतची आरती आणि घरचा सूर

गेल्या काही वर्षांत आपल्या कुटुंबांतून एक नवा उद्योग सुरू झाला आहे. चवथीच्या आधी दहा-पंधरा दिवस घरातील मागली खोली रिकामी करावयाची, खिडक्यांवर गोधड्या बांधावयाच्या, दोन-तीन मायक्रोफोन आणि एक संगणक मांडावयाचा, आणि काका, आत्या, मावसभाऊ, शेजारचा घुमटवादक अशी सारी मंडळी जमवून घरची आरती ध्वनिमुद्रित करावयाची. या उद्योगाकडे पाहून आपल्या समाजातील काही वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली आहेत. कोणी त्यास पोरखेळ म्हणतात, कोणास त्यात देवाचा बाजार दिसतो, तर कोणास चालीची हत्या दिसते. तिन्ही आक्षेप घेणारी माणसे आदरणीय आहेत. म्हणूनच त्यांना उत्तर देणे अगत्याचे आहे. आम्ही या घरगुती ध्वनिमुद्रकांचे वकीलपत्र घेत आहो. मात्र आमचे अशील सर्वस्वी निर्दोष आहेत, असे आमचे म्हणणे नाही; त्यांनाही दोन शब्द सुनावण्याचा आमचा इरादा आहे.

पहिला आक्षेप असा की, मोठमोठ्या गायकांनी गाइलेल्या उत्तमोत्तम आरत्या बाजारात मिळत असता घरच्या बेसुऱ्या गळ्यांचे हे संमेलन कशासाठी? हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो; पण त्याच्या मुळाशी एक चुकीची समजूत आहे. ती अशी की, आरती म्हणजे केवळ तिचे शब्द, आणि ते जो अधिक गोड गाईल त्याची आरती अधिक चांगली. वास्तविक आरती म्हणजे शब्द, चाल, ठेका, थांबण्याच्या जागा आणि सोबत गाणारी माणसे, हे सारे मिळून. गोव्यात आपण म्हणतो त्या आरत्यांचे शब्द बहुतांशी मराठीच आहेत. जे शब्द पुण्यात तेच पेडण्यात, जे बेळगावात तेच बडोद्यात. पण घुमट, शामेळ आणि कांसाळे यांच्या साथीने गोव्यातील घरात ती आरती जेव्हा उभी राहते, तेव्हा तिची लय, तिची चढण आणि शेवटी सुवारीकडे झुकणारा तिचा वेग, यांचे बाहेर कोठे साम्य नाही. एवढेच नव्हे, तर एका वाड्याची चाल दुसऱ्या वाड्याशी जुळत नाही. हा दोष नव्हे; ही श्रीमंती आहे.

ही श्रीमंती कमी कशी झाली? भारतात ग्रामोफोनच्या व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ साली कलकत्त्यास प्रारंभ झाला. गौहरजान यांचे गाणे त्या वेळी तबकडीवर उतरले. त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. मैफलीत तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसविण्याची युक्ती आपल्या गवयांनी साधली, ती कौतुकास्पद होय. परंतु तबकडीने आणखी एक गोष्ट केली: शंभर चालींतून एक निवडली आणि तीच लाखो घरांत पोहोचविली. जी चाल तबकडीवर चढली ती ‘खरी’ ठरली; जी घरात राहिली ती ‘चुकीची’ ठरली. मंगेशकर भावंडांनी गाइलेल्या गणपतीच्या आरत्या ज्याने ऐकल्या नाहीत असे मराठी घर विरळा. त्या सुरेल आहेत, आणि त्या घराण्याचे मूळ आमच्याच मंगेशीचे. दीनानाथांचा जन्म १९०० साली तेथलाच. त्यांच्या गाण्यास आमचा नमस्कार आहे. पण त्यांच्या गाण्याने आमच्या आजीची चाल खोटी ठरावी, असे त्या गायकांनी कधीच म्हटले नव्हते. तो निकाल आपणच आपल्याविरुद्ध देऊन बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच प्रकार.

या बाबतीत आपल्या समाजाने तरी अधिक जागरूक असावयास हवे होते. सोळाव्या शतकात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा आपल्या पूर्वजांनी कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास नेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास नेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास नेली. मूर्ती डोक्यावर घेऊन नदी ओलांडता येते. चालीला मात्र कंठावाचून दुसरे वाहन नव्हते. ज्यांच्या कंठात ती होती ती माणसे पार झाली, म्हणून ती पार झाली. पुढे १७३६ साली इन्क्विझिशनने फर्मान काढून धर्मांतरितांच्या लग्नांत जुन्या रीतीच्या ओव्या गाण्यास मनाई केली. ज्या सत्तेने असे फर्मान काढले तिला गाण्याची शक्ती पुरती कळली होती, असेच म्हणावे लागेल. ज्यांच्या गाण्यास कोणी मनाई केलेली नाही, त्या आपण मात्र आपखुषीने मौन धरले आहे आणि बटण दाबून देवापुढे उभे आहो.

कोणी म्हणतील, परंपरा आपोआप टिकते. तीनशे वर्षे टिकली तशी पुढेही टिकेल. त्यांनी सांगे तालुक्यातील कुर्डी गावाचे स्मरण करावे. मोगूबाई कुर्डीकर यांचे ते गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेथील सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते आणि विस्थापित मंडळी उत्सवासाठी तेथे जमतात. गाव असा वर्षातून एकदा तरी वर येतो. त्या गावच्या अंगणात गाणाऱ्या वृद्धेची चाल तिच्याबरोबर गेली तर ती कोणत्याही उन्हाळ्यात वर येत नाही. उलट केरीच्या केसरबाईंचे पहा. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवरील सुवर्णमुद्रिकेतून अंतराळात गेली, आणि २०१२ पासून त्यांपैकी एक यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर प्रवास करीत आहे. केसरबाईंची गायकी थोर होती हे तर खरेच. पण ती आजही उरली आहे याचे कारण ती कोणीतरी मुद्रित केली. त्यांच्याच काळी फोंडे महालातील घराघरांतून गाणाऱ्या किती जणींचा एक सूरही आज उरलेला नाही!

वाद्याचीही तीच कथा. घुमटाच्या मडक्यास पूर्वी घोरपडीचे कातडे मढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस संरक्षण मिळाले, ते योग्यच झाले. आता शेळीचे कातडे वापरतात. नाद बदलला. जुना नाद कसा होता हे सांगणारे कान अजून आपल्यात आहेत, पण दिवसेंदिवस ते कमी होत आहेत. गोवा सरकारने घुमटास राज्याच्या वारसा-वाद्याचा मान दिला आहे. पण मान दिल्याने नाद टिकत नाही. तो वाजविल्याने टिकतो, आणि वाजविताना मुद्रित केल्याने पुढच्या पिढीस पडताळता येतो.

दुसरा आक्षेप पावित्र्याचा. देवापुढचे गाणे यंत्रात कोंडून जगापुढे मांडणे म्हणजे भक्तीचा बाजार, असे काही सज्जन म्हणतात. येथे कायद्याच्या भाषेत एक भेद स्पष्ट केला पाहिजे: मुद्रण वेगळे आणि प्रकाशन वेगळे. घरच्या पेटीत दागिना ठेवणे आणि तो दुकानाच्या काचेत मांडणे या जशा दोन गोष्टी, तशाच याही दोन. धालोसारखी काही गाणी मांडावरच, त्या महिन्यातच, बायकांनीच म्हणावयाची असतात. ती त्या जागेबाहेर म्हणवून घेऊ नयेत आणि गाणाऱ्यांच्या संमतीवाचून मुद्रितही करू नयेत, असेच आमचेही मत आहे. संमतीने मुद्रित केली तर ती घरातच राहावीत. पण ज्यांना पावित्र्याची एवढी चिंता आहे, त्यांना आम्ही उलट विचारतो: देवळात विजेवर चालणारा नगारा-घंटेचा सांगाडा तुम्ही बसविलात, त्यामुळे एकाही भक्ताला हात हलवावा लागत नाही, तेव्हा पावित्र्य कोठे होते? शिखरावरच्या कर्ण्यातून पहाटे विकतची भक्तिगीते लावून पुजारी चहा घेत बसतो, तेव्हा भक्ती कोण करीत असतो? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धकास सामान्यतः मनाई आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, ध्वनिवर्धकावरून इतरांची शांती भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा निर्वाळा दिला. यंत्र देवळात आले ते या पोरांनी आणले नाही. त्यांनी केले एवढेच की, यंत्राचे तोंड फिरविले. पूर्वी यंत्र गात असे व माणसे ऐकत. आता माणसे गातात व यंत्र ऐकते. यात देवाचा अपमान कोणता?

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. मुद्रणाने चाल गोठते, असे तो म्हणतो. जिवंत चाल दर चवथीला थोडी वळते, नवा गळा तीत काही भर टाकतो. एकदा ती फितीवर चढली की पोरे तीच घोकतील. यातील अर्धे आम्ही मान्य करतो. एकच मुद्रण करून ‘हीच आमच्या देवस्थानची अधिकृत चाल’ असा शिक्का मारला, तर व्यापारी तबकडीने जे केले तेच आपण लहान प्रमाणावर करू. पण यावर उपाय मुद्रण बंद करणे हा नव्हे. मुद्रणे वाढविणे हा होय. एकाच वाड्यातील चार घरांनी चार चाली मुद्रित कराव्यात. त्याच घराने पाच वर्षांनी पुन्हा करावे. मग चाल कशी वळली हेही त्यातून दिसेल. एक छायाचित्र माणसाला गोठविते हे खरे; पण जन्मापासूनची छायाचित्रे ओळीने लावली म्हणजे त्या माणसाची वाढ दिसते.

इतके आमच्या अशिलांच्या बाजूने झाले. आता त्यांच्याकडे वळू. तरुण मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरचे मुद्रण आम्ही ऐकले, आणि ते ऐकून खेद झाला. कारण त्यात घर नव्हते. तुम्ही काकांना सोमवारी एकटे बसवून गावविले, आत्यांना बुधवारी. कानात ठेक्याची यांत्रिक टिकटिक घातली. घुमटाऐवजी संगणकातला तयार ठोका भरला. आणि शेवटी सूर सुधारणारी आज्ञावली लावून साऱ्यांचे गळे एका साच्यात ओतले. ज्या आजीचा कोमल गंधार किंचित उतरता लागतो, आणि तेथेच त्या आरतीचा सारा जीव आहे, तिचा गंधार तुम्ही ओढून पेटीच्या पट्टीवर नेऊन बसविला. हार्मोनियमचे बारा ठरीव स्वर आपल्या संगीताला मानवत नाहीत, या कारणावरून १९४० साली आकाशवाणीने त्या बिचाऱ्या पेटीला दार बंद केले होते. ते १९७१ नंतर, तेही अंशतः, उघडले. त्या बंदीचे आम्ही समर्थन करीत नाही. पण पेटी निदान गळ्याच्या शेजारी बसून वाजे. तुमची आज्ञावली गळ्यात शिरून त्याचे वळण बदलते. असेच करावयाचे असेल तर विकतची आरती काय वाईट होती?

घरी मुद्रण करण्याचा एकमेव लाभ म्हणजे माणसे एका खोलीत असतात. तोच टाकून दिला तर स्टुडिओची निकृष्ट नक्कल तेवढी हाती उरते. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, सर्वांनी एकत्र बसूनच गावे. खोलीत सतरंज्या अंथराव्या, भिंतींवर गोधड्या टाकाव्या, पंखे व शीतकपाट तेवढ्या वेळापुरते बंद ठेवावे, मोबाइल खोलीबाहेर ठेवावेत. घुमट आणि शामेळ यांचा आवाज मोठा, त्यांना मागे बसवावे. ज्या वृद्धेची चाल टिपावयाची तिला मायक्रोफोनच्या सर्वांत जवळ. कौलांवर पाऊस वाजत असेल तर वाजू द्यावा; चवथ पावसाळ्यातच येते. ध्वनी दाबून लहान केलेल्या स्वरूपात न ठेवता मूळ पूर्ण स्वरूपात ठेवावा. सेकंदास ४८,००० नमुने आणि चोवीस बिट या मापाने द्विमार्गी मुद्रण केले तर तासाला सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. आजच्या काळी हा खर्च हारफुलांच्या खर्चाहूनही कमी आहे. त्याच्या तीन प्रती कराव्या, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे: आरंभी एकाने स्पष्ट आवाजात गाव, तिथी, वर्ष, गाणाऱ्यांची व वाजविणाऱ्यांची नावे, आणि ही चाल कोणी कोणाकडून घेतली, हे बोलावे. निनावी मुद्रण म्हणजे सही नसलेला दस्तऐवज.

दस्तऐवजाचा विषय निघालाच आहे, तर कायद्याचेही थोडे सांगतो. गणपतीची जी आरती आपल्या सर्वांच्या तोंडी आहे ती समर्थ रामदासांची मानली जाते. समर्थांचे निर्याण सतराव्या शतकातले. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या शब्दांवरील स्वामित्वहक्क संपतो. तेव्हा ते शब्द आज सर्वांचे आहेत, कोणाच्याही बापाचे नाहीत. पारंपरिक चालीचेही तसेच. परंतु त्या शब्दांचे एखादे विशिष्ट ध्वनिमुद्रण ही मात्र मुद्रणाच्या निर्मात्याची मालमत्ता असते, आणि प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकते. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत ते वाजविण्यास १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ ने मुभा दिली आहे. पण मुभा म्हणजे मालकी नव्हे. विकतची आरती शंभर वर्षे वाजविली तरी ती आपली होत नाही. घरी गाऊन मुद्रित केलेली पहिल्याच दिवशी आपली होते.

मात्र ‘आपली’ म्हणजे नेमकी कोणाची? ज्याने पुढाकार व जबाबदारी घेऊन मुद्रण केले तो कायद्याने निर्माता. म्हणजे ज्या भाच्याने मायक्रोफोन आणला तो मुद्रणाचा मालक ठरू शकतो. परंतु गाणाऱ्या आजीचा व घुमट वाजविणाऱ्या शेजाऱ्याचा हक्क त्यामुळे बुडत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने गायक-वादकांचा हक्क मान्य झाला असून तो आता पन्नास वर्षे चालतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या गाण्यास आपले नाव लागावे, ते विकृत केले जाऊ नये, हा त्यांचा हक्कही मान्य झाला. आता समजा, एखादी संस्था किंवा व्यापारी येऊन म्हणाला, ‘तुमच्या मंडळीची आरती आम्ही प्रसिद्ध करतो, येथे सही करा,’ आणि एकाने भिडेखातर इंग्रजी कागदावर सही केली. उद्या त्याच घरातील नातवाने ती आरती इंटरनेटवर ठेवली, तर तीच त्या व्यापाऱ्याच्या तक्रारीवरून खाली उतरू शकेल. म्हणून हक्क लेखी दिल्यावाचून जात नाहीत, लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच धरतात, एवढे तरी लक्षात ठेवावे. आणि वाचल्याशिवाय व मुदत घातल्याशिवाय सही करू नये. घरातल्या घरातही एक पानभर मराठीत किंवा कोंकणीत लिहून ठेवावे: कोण गाइले, कोण वाजविले, कोणी मुद्रित केले, हे बाहेर द्यावयाचे की नाही, आणि दिल्यास कोणाच्या संमतीने. ‘आपल्याच माणसांत कागद कशाला?’ असे विचारणारे पुढे कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटतात, हा आमचा व्यवसायातील रोजचा अनुभव आहे.

वकिलाने गाण्याच्या गोष्टींत पडू नये, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव सांगतो. ते वकीलच होते. घराण्यांनी उराशी धरलेल्या बंदिशी गावोगाव हिंडून त्यांनी मिळविल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’तून सर्वांना खुल्या केल्या. त्यांच्याही हयातीत, लिहिल्याने विद्या मरते असे म्हणणारे होते. ज्या बंदिशी पुस्तकात आल्या त्या आज महाविद्यालयांतून गाइल्या जातात. आणि बंदिशींचेच कशाला? हेमा राईरकर व गी पॉइटेवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतील स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. घरातील जाते थांबले, पण त्या बायांची नावे आणि त्यांचे शब्द राहिले. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी देवासच्या आजारपणात दाराबाहेरून जाणाऱ्या माळवी बायकांची गाणी ऐकली आणि त्यांतून नवे संगीत उभे केले. घरगुती गाणे म्हणजे हलके गाणे, असे ज्यांस वाटते त्यांनी याचा विचार करावा.

हा प्रश्न एकट्या गोव्याचा नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्पिढ्या वसलेल्या मराठी घरांतून मंगळागौरीची व हादग्याची गाणी, पाळणे आणि कुलदैवताच्या आरत्या त्या त्या मुलखाचे पाणी पिऊन वाढल्या आहेत. महाराष्ट्रातील कोणतीही ध्वनिमुद्रिका त्यांचे काम करणार नाही, कारण त्या चाली तेथेच घडल्या. त्या घरांतील सासुरवाशिणींनी व माहेरवाशिणींनी एक दुपार एकत्र बसावे आणि आठवेल तेवढे गावे. चुकले तर हसावे व पुन्हा गावे. ते हसणेही मुद्रणात राहू द्यावे.

देवस्थानांच्या समित्यांकडे आमचे मागणे थोडे आहे. आरतीच्या वेळी यंत्र बंद ठेवावे आणि ज्यांना येते त्यांना गाऊ द्यावे, मग ते तिघेच असोत. कचेरीतील जमाखर्चाच्या वह्यांशेजारी एक कपाट महाजनांच्या घरांतून आलेल्या मुद्रणांसाठी राखावे, त्यांची नोंदवही ठेवावी, आणि कोणी मागितल्यास घराच्या संमतीने ऐकू द्यावी. यासाठी सभागृह नको, देणगीदाराच्या नावाची फरशी नको. आणि ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची एखादी आजी, आजोबा किंवा काकी अजून आरतीला सूर धरतात, त्यांनी पुढच्या चवथीची वाट पाहू नये. येत्या रविवारी चार माणसे बोलवावी, खिडकीवर गोधडी बांधावी आणि त्यांच्याकडून पहिले कडवे म्हणवून घ्यावे.